सासूजींच्या बागेत चुना वेचताना

माझा धंदा आवाजाचा आहे. कळंब-येरमाळा पट्ट्यात कुठंही लग्न असलं की मांडवाच्या कडेला माईक धरून, "नवरदेवाचे मामा, जिथं असाल तिथून पाटाजवळ या, मुहूर्त तुमच्यासाठी थांबणार नाही," असं जो माणूस ओरडत असतो, तो मी. हळद, साखरपुडा, वास्तुशांत, निवृत्तीचा सत्कार, सगळं करतो. लेकीच्या पाठवणीला असं काही बोलतो की नवरदेवसुद्धा डोळे पुसतो. एवढी ओळख पुरे. आता मुख्य पात्राकडं येतो.

मुख्य पात्र म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना मामी म्हणतो. आमच्याकडं सासूला मामीच म्हणतात. येरमाळ्यापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर त्यांचं गाव. माझ्या सासुरवाडीची जुनी रीत अशी, की सासू जावयाशी थेट बोलत नाही. बोलायचं सगळं असतं, फक्त मध्ये कुणीतरी लागतं. 'म्हणावं' हा शब्द त्या घरात मिठासारखा लागतो. मी समोर ताटावर बसलेलो असतो आणि मामी चुलीकडं तोंड करून माझ्या बायकोला सांगतात, "म्हणावं, आनखी एक भाकर घ्या. म्हणावं, मागच्या खेपंला बी अर्धपोटी उठले, गावभर आमची बदनामी." बायको आसपास नसली तर त्या म्हशीला सांगतात. म्हैस नसली तर खांबाला. माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मामींचा प्रत्येक शब्द माझ्यापर्यंत असा दुसऱ्याच्या नावानं आला आहे. आणि खरं सांगतो, टोमणा म्हशीमार्फत आला की जास्त लागतो.

माझी लेक आणि तिचा नवरा जपानात नोकरीला आहेत. लेकीचे दिवस भरत आले तेव्हा तिनं फोनवर एकच धोशा लावला: आजी पाहिजे. बाळाला न्हाऊ घालण्यात, बाळंतिणीला शेक देण्यात मामींचा हात कुणी धरत नाही. बायको निघणार होतीच, मी सामान उचलायला. मामींना तयार करायला आठवडा गेला. शेवटी त्या खांबाला म्हणाल्या, "म्हणावं, येते. पर चैताच्या पुनवंच्या आत मला माघारी आना. म्हणावं, माझा हात चुकता कामा न्हाय."

हा हात काय, ते सांगतो. येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा भरते. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरच्या देवळातून खाली येते आणि वाटेत एक रान लागतं. त्याला चुन्याचं रान म्हणतात. तिथं माणसं वाकून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात आणि एका जागी टाकतात. एकेकाचे चार-दोन खडे, पण माणसं अशी लोटतात की बघता बघता मोठा ढीग उभा राहतो. तो चुना देवीच्या देवळाला लागतो. आपला खडा त्या ढिगात पडला की मामी म्हणतात, "यंदाचा हात पडला." म्हणजे वर्ष मार्गी लागलं. नवी नवरी म्हणून आल्या त्या चैत्रापासून त्यांचा हात चुकलेला नाही. करोनात यात्रा बंद होती, तेव्हासुद्धा त्यांनी स्वतःच्या बांधावरचे खडे वेचले आणि डोंगराकडं तोंड करून वावरातच छोटीशी रास घातली. कुणी हसलं तर म्हणायच्या, "डोंगर तर दिसत व्हता की!"

पण बाळाला पंचांग कुठं माहीत असतं? आमच्या बाईसाहेब, म्हणजे नात, सावकाश आल्या, आणि आल्या त्या कावीळ घेऊन. डॉक्टरांनी दोघींना दवाखान्यात ठेवून घेतलं, परतीची तिकिटं पुढं ढकलावी लागली, आणि पुनव हातची गेली.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून एक शहाणपणा केला. मामींना तिथी कळूच द्यायची नाही. परदेशात कुठलं पंचांग? भिंतीवरचं कॅलेंडर जपानी. गावाकडून फोन आला की लेक तो आतल्या खोलीत नेऊन बोलायची. मला तिनं बजावलं होतं, "बाबा, तुम्ही फक्त तोंड उघडू नका." मी उघडलंही नाही, एवढा त्याग मी आयुष्यात केला नव्हता. आणि दोघी घरी आल्यावर एका संध्याकाळी मामी गॅलरीत दुपटी काढायला गेल्या, तर समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून परातीएवढा, चांगला केशरी चंद्र वर येत होता. चंद्राचं आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याला काय व्हिसा लागतो होय?

मामींनी चंद्राकडं बघितलं. मग दुपट्याची घडी घालत त्या दुपट्यालाच म्हणाल्या, "म्हणावं, पुनव हाय आज. म्हणावं, आमाला येड्यात काढू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाळाला न्हाऊ घातलं, लेकीला शेक दिला, धुरी दिली. सगळं केलं. आणि मग भिंतीला टेकून बसल्या. बायकोनं विचारलं, "आई, अशी का बसलीस?" तर म्हणाल्या, "आता पालखी निघल. समद्यांचा हात पडल. यंदा माझा खडा न्हाय." रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "तुम्ही आईला कुठंतरी घेऊन जा. इथं बसली तर दिवसभर ती भिंतच बघत बसंल."

"मी? मी आणि मामी? एकटे?"

"मग काय मी बाळ सोडून जाऊ?"

लेक म्हणाली, जवळच एक जुनं देवस्थान आहे. जपानी लोकांच्या देवाचं. तिथली बाग ऋतूप्रमाणं बदलते: थंडीच्या शेवटी आलुबुखाराची झाडं फुलतात, मग चेरी, आता एका झुडपाची पाळी, पावसाळ्यात पाण्यातली निळी फुलं, शेवटी लाल पानं. लोक दर महिन्याला येऊन बघतात की देव आता काय नेसला आहे. तिनं माझ्या फोनमध्ये हिंदीतलं जपानीत आणि जपानीतलं हिंदीत बोलून दाखवणारी सोय बसवून दिली, कारण मराठी त्याला नीट उमगत नव्हतं. आणि आम्ही निघालो, मी पुढं आणि मामी नऊवारी सावरत चार पावलं मागं.

आता अडचण बघा. मध्ये कुणी नाही. ना बायको, ना म्हैस, ना खांब. मामी तोंड मिटून चालत होत्या. पण कोपऱ्यावर थंड पेयांचं यंत्र उभं होतं, दिवे लावलेलं, माणसाएवढं उंच. मामी थांबल्या आणि त्या यंत्राला म्हणाल्या, "म्हणावं, एवढं भराभरा चालू नका. आमाला लुगडं हाय, प्यांट न्हाय." तेवढ्यात यंत्रातून एक गोड बायकी आवाज जपानीत काहीतरी बोलला. मामी दचकून मागं सरल्या. मग पदर नीट करून त्याला म्हणाल्या, "व्हय बाई, तूच सांग त्यांना."

अशा दुभाष्यांच्या मदतीनं आम्ही पोचलो.

समोर एक लाल कमान. दोन खांब, वर दोन आडव्या तुळया. बस. भिंत नाही, कुंपण नाही, कवाड नाही. रस्त्यावर उघड्यावर उभी. पण तिच्याखालून आत गेलो आणि, मी माईकवाला माणूस आहे, आवाजाचं मला कळतं, कुणीतरी आवाजाचं बटण खाली केल्यासारखं झालं. मागं गाड्या चालूच होत्या. माणसंही पुष्कळ होती, म्हातारी, लेकुरवाळी, ऑफिसातली. पण कुणी ओरडत नव्हतं, कुणी घंटा बडवत नव्हतं, कुणी माईकवरून 'चपला आपापल्या जबाबदारीवर' सांगत नव्हतं. पायाखालचे खडे तेवढे करकरत होते. मी आपोआप हळू चालायला लागलो. एवढ्या लोकांच्या जागी कुणालाही माझी गरज नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

बाजूला दगडी कुंड. त्यावर बांबूच्या पळ्या. लोक पळीनं आधी डावा हात धूत, मग उजवा, मग ओंजळीत घेऊन चूळ भरत. मामींना हे पटलं. त्यांनी दोन्ही हात धुतले, चूळ भरली, आणि मग कासोटा सावरून, पळी भरभरून, निवांतपणे दोन्ही पाय धुतले. टाचासुद्धा चोळल्या. शेजारी उभी असलेली मुलगी पांढरी बंडी आणि लाल घोळदार परकर घातलेली, तिथलीच सेवेकरी असावी. ती बघत राहिली. मी घाईघाईनं हात जोडले. तिनंही वाकून नमस्कार केला. मामी पळीला म्हणाल्या, "म्हणावं, देवाकडं जायचं तर पाय नगं का धुवाया?" आणि ओल्या पावलांनी पुढं निघाल्या.

देवळात मूर्ती दिसत नव्हती. काळपट लाकूड, वर जाडजूड दोर वळून टांगलेला, त्याला कागदाच्या पांढऱ्या नागमोडी पट्ट्या, आत अंधार आणि त्या अंधारात एक गोल आरसा. लोक दोनदा वाकत, दोनदा टाळी वाजवत, पुन्हा वाकत. मामींनी आत डोकावून पाहिलं. "देव कुठाय?" त्यांनी दाराच्या खांबाला विचारलं. मी खांबाच्या वतीनं सांगितलं, "आत आहे. दाखवत नाहीत."

"बरंय," मामी म्हणाल्या. "दिष्ट लागत न्हाय."

आणि मग बाग.

मी आजवर शेकडो मांडव पाहिलेत. फुलांच्या कमानी, फुलांचे मोर, फुलांची हेलिकॉप्टरं, आमच्याकडची लग्नं म्हणजे विचारू नका. मला वाटायचं फुलांनी आपल्याला आता काय चकित करायचं. देवळाच्या कडेनं वळलो आणि एक टेकाड समोर आलं. टेकाडावर गोल गोल कातरलेली झुडपं, एकाला एक चिकटून, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. आणि एकाही झुडपाला पान दिसत नव्हतं. फूलच फूल. पालखीच्या वाटेवर कुंकवाच्या दुकानांत परातींत राशी लावलेल्या असतात ना, कुंकू, गुलाल, हळद, बुक्का, तशा राशी. फक्त प्रत्येक रास बैलगाडीएवढी, आणि दुकान टेकाडाएवढं. गर्द लाल. त्याच्यापुढं जांभळा. मग फिका गुलाबी, मग एकदम शुभ्र पांढरा, की डोळ्यांना बरं वाटावं. मधून नागमोडी पायवाट, आणि तिच्यावरून माणसं इतकी हळू चालत होती जणू फुलं झोपली आहेत.

मी तोंड उघडलं. काहीतरी म्हणायला हवं होतं, माझा धंदाच तो. 'रसिकहो' एवढाच शब्द घशाशी आला आणि तिथंच बसला. मी रस्त्यात उभा, मागून माणसं येत होती, तीही बिचारी न बोलता माझ्यामागं उभी राहिली. कितीतरी वेळानं मी बाजूला झालो.

वर एक म्हातारेबुवा झुडपाखालची गळलेली फुलं वेचून टोपलीत टाकत होते. मी खुणेनं विचारलं, हे काय. ते हसून म्हणाले, "त्सुत्सुजी."

मामींनी कान टवकारून टोपलीला विचारलं. "काय म्हनला त्यो? सासूजी?"

"मामी, त्सु-त्सु-जी."

"सासूजीच म्हनला." मामींनी टेकाडभर नजर फिरवली. त्या सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. शेजारच्या लाल झुडपाला त्या म्हणाल्या, "म्हणावं, बघा. हितं सासूला असं ठिवत्यात."

मला वाटलं, जिंकलो. पण पायवाट संपून आम्ही पलीकडच्या अंगणात उतरलो आणि मामींच्या ओठांचा कोपरा पुन्हा खाली आला. फुलं मागं राहिली होती. समोर मोकळं अंगण, आणि अंगणभर पांढरे खडे. सुपारीएवढे, गुळगुळीत, उन्हात चमकणारे. दाताळ्यानं ओळी ओढलेल्या. मामी अंगणाच्या कडेला उभ्या राहिल्या. त्यांनी वाकून एक खडा उचलला. नखानं खरवडून पाहिला. मग जिभेवर ठेवून पाहिला.

"चुना न्हाय," त्या खड्यालाच म्हणाल्या. "गारगोटी हाय."

मी म्हटलं, "चला मामी, पुढं तळं आहे म्हणे."

मामी हलल्या नाहीत. "पर पांढरा हाय," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी पदराची ओटी केली, तो खडा तिच्यात टाकला आणि दुसरा उचलला.

ज्या देशात लोक रस्त्यात चॉकलेटचा कागद टाकत नाहीत, खिशातून घरी नेतात, त्या देशात आमच्या मामी देवाच्या अंगणातले खडे ओटीत भरत होत्या. ओळी मोडत होत्या. एक, मग आणखी एक, निवडून, उन्हाकडं धरून, डाग असला तर परत ठेवून. यात्रेत असंच वेचतात. मी इकडंतिकडं पाहिलं. दोन-चार माणसं थांबली होती. पायवाटेवरून एक पुजारी झपझप येत होता. पांढरा अंगरखा, खाली फिक्या निळ्या रंगाची घोळदार विजार, माझ्याच वयाचा.

तो वाकून नमस्कार करत काहीतरी बोलला. आवाज मऊ, पण बोट खड्यांकडं. मी फोन काढला. मराठवाड्याचा माणूस हिंदी कशी बोलतो ते आपल्याला ठाऊक आहे. अडला शब्द की आपण मराठीचा घालतो आणि पुढं जातो. मी फोनला म्हटलं, "ये हमारी सासू है. ये चूना वेचती है. देवी का चूना. हर साल वेचती है."

फोन जपानीत बोलला. पुजाऱ्याच्या भुवया वर गेल्या. तो फोनकडं वाकून सावकाश काहीतरी म्हणाला. फोननं शुद्ध हिंदीत मला सांगितलं: "कृपया पवित्र स्थान के पत्थर न बेचें."

दोन सेकंद मला काही कळलं नाही. मग कळलं. वेचती! त्या यंत्राच्या कानाला 'वेचती' आणि 'बेचती' एकच. मी फोनला ओरडलो, "बेचती नहीं! वेचती! वेचती!"

फोन जपानीत बोलला. पुजारी आणखी गंभीर झाला. पलीकडं उभ्या एका बाईनं तोंडावर हात ठेवला. काय सांगितलं असेल? 'विकत नाही! विकते! विकते!' एवढंच ना! मी 'उठाती है' म्हणून पाहिलं, तर पुजाऱ्याच्या चेहऱ्यावरून वाटलं की आता चोरीचाही आळ आला. लग्नात वीज गेली तर मी नुसत्या घशावर दोन तास मांडव धरतो, आणि इथं एका शब्दानं मला चीत केलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. खणखणीत.

"अवो! घाला त्यो फोन खिशात!"

मी वळलो. मामी माझ्याकडं बघत होत्या. यंत्राकडं नाही, खांबाकडं नाही, माझ्याकडं. डोळ्यांत डोळे घालून.

"मला... मला म्हणताय?"

"मग कुनाला? सगळ्या मुलखाची लग्नं लावता, त्या फोनला काय इचारता? करून दावा त्यांना! पालखी दावा!"

सासूनं थेट आज्ञा केली. मी फोन खिशात घातला, बूट काढले, आणि त्या शांत अंगणात येरमाळ्याची यात्रा सुरू केली.

आधी मी डोंगर झालो. हात वर जोडून टेकडी, टेकडीवर देऊळ. मग मी देवी झालो, मग पालखी, मग पालखीचे भोई. तोंडानं हलगी वाजवली. हलगी मला छान जमते. मग मी गर्दी झालो. गर्दी एकट्यानं करायला अवघड, पण मी स्वतःलाच ढकलत, स्वतःच्याच पायावर पाय देत ती केली. मामी मधूनच ओरडत होत्या, "पालखी अशी डुलत न्हाय! खांदा खाली घ्या! आता रान आलं, वाका! वाका की!" मी वाकलो. हवेतले खडे वेचले, ओटीत टाकले, धावत गेलो, एका जागी ओतले. पुन्हा वाकलो. दमलो. मग मामींकडं बोट केलं, मग लांब आभाळाकडं, खूप लांब, विमान दाखवलं, दोन्ही हात रिकामे दाखवले. आणि थांबलो. पुढं काय दाखवायचं ते मला माहीत नव्हतं.

माणसं पुष्कळ जमली होती. मामी ओटी घट्ट धरून उभ्या होत्या, आणि आता त्यांचे डोळे भरले होते.

पुजारी खाली बसला. अंगणात, गुडघे टेकून. त्यानं अंगरख्याच्या आतून पांढरा रुमाल काढला, खड्यांवर पसरला, एक खडा त्यावर ठेवला, चारी कोपरे दुमडले आणि ते इवलंसं गाठोडं दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा राहिला. मग तसाच, पाऊल मोजून टाकावं तसा, चालत गेला आणि ते खाली ठेवलं. आमच्याकडं पाहिलं. मी समजलो नाही. त्यानं माझ्या खिशाकडं बोट केलं. मी फोन धरला. तो बराच वेळ बोलला आणि फोनही सावकाश, न अडखळता बोलला: इथून लांब एक फार मोठं, फार जुनं देवस्थान आहे. तिथं ठराविक वर्षांनी देवाचं घर नव्यानं बांधतात. तेव्हा गावोगावची माणसं नदीतून पांढरे दगड वेचतात, पांढऱ्या कापडात बांधून नेतात आणि देवाच्या नव्या घराभोवती आपल्या हातानं ठेवतात. आणि शेवटी पुजाऱ्याचं स्वतःचं: मी लहान असताना एक दगड नेला होता. माझाही एक आहे तिथं.

मी हे मामींना मराठीत सांगितलं. सांगताना माझ्या अंगावर काटा आला, आणि तो माझ्या बोलण्यानं आलेला नव्हता. मामींनी पुजाऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हंजी याचा बी हात पडलाय," त्या म्हणाल्या.

पुजारी आम्हाला टेकाडाच्या पायथ्याशी घेऊन गेला. तिथं एका जुन्या झाडाला जाड दोर वेढलेला होता आणि बुंध्याजवळचे खडे पावसाच्या पाण्यानं वाहून गेले होते. तांबडी माती उघडी पडली होती. त्यानं त्या जागेकडं हात केला. इथं. मामी खाली बसल्या. ओटीतला एकेक खडा काढून, कपाळाला लावून, त्या ठेवू लागल्या. अर्धे झाल्यावर त्यांनी एक खडा पुजाऱ्यापुढं धरला. "तुमी बी टाका," त्याला सरळ मराठीत सांगितलं. "रान तुमचं हाय." त्यानं तो दोन्ही हातांत घेतला आणि ठेवला.

आता पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर ऐकणारे म्हणतात मी माईकवर असल्यासारखं वाढवून सांगतो. तोंडावर हात ठेवलेली ती बाई पुढं आली. तिच्या तळहातावर एक पांढरा खडा होता. तिनं पुजाऱ्याकडं पाहिलं, त्यानं मान हलवली, तिनं ठेवला. तिच्यामागं फुलं वेचणारे म्हातारेबुवा. त्यांच्यामागं एक जोडपं, एक शाळकरी पोरगी. जपानी माणसं ती; कुणी सांगितलं नाही तरी रांग लागली. एकामागं एक, मध्ये हातभर अंतर, प्रत्येकाच्या हातात एकच खडा, आणि वर लाल-जांभळ्या राशींचं ते अख्खं टेकाड उन्हात पेटलेलं. मी पाहत होतो. माझा जन्म यात्रांच्या गर्दीत गेला, लाखांचे आवाज मी ऐकलेत. पण असली गर्दी, जिच्यात खडा मातीवर टेकतानाचा आवाज ऐकू येतो, मी कधी पाहिली नव्हती.

मामी राशीजवळ उभ्या राहून व्यवस्था बघत होत्या. "एकेक! एकेक! ढकलू नगा!" कुणीही कुणाला ढकलत नव्हतं. शाळकरी पोरीनं खडा भलतीकडं ठेवला तर मामींनी तिचा हात धरून तो राशीवर आणला.

शेवटचा खडा पडला. मामींनी श्वास घेतला, दोन्ही हात वर केले आणि पोटातून आवाज काढला, "आई राजा!"

"उदो उदो!" मी म्हणालो. माझा आवाज आला, पण चिरका, पहिल्यांदा माईक हातात घेतलेल्या पोरासारखा.

टेकाडावरची माणसं वळून पाहत होती. रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या, दोनदाच, देवासमोर वाजवतात तशा, आणि वाकले.

मामींनी पदर झटकला. आत काही उरलं नव्हतं. त्या पुजाऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि मला नाही, फोनला नाही, त्यालाच म्हणाल्या, "यंदाचा हात पडला बरं का, भाऊ."

त्यानं ते नीट ऐकून घेतलं, आणि मान लववली.